कानाशी बोलणारा आवाज

एका इंग्रजी गाण्याच्या तबकडीविषयी या पानांत लिहावे की न लिहावे, याबद्दल मी बरेच दिवस अडखळत होतो. आपल्या नियतकालिकांत समीक्षा होते ती कवितासंग्रहांची, आत्मकथनांची, फार तर एखाद्या नाटकाची. गाण्याविषयी लिहायचेच तर जलसा, शाहिरी, भीमगीते. ते योग्यच आहे. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता त्यांना शाहिरांनी बाबासाहेब ऐकवले. मग मुंबईत जन्मलेली, लंडनच्या स्टुडिओत उभी राहून प्रेमाची गाणी पुटपुटणारी एक बाई आपल्या काय कामाची?

हा प्रश्न मला पडण्याचे कारण आमच्या महाविद्यालयातली एक विद्यार्थिनी आहे. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेहकरकडच्या एका खेड्यातून येते. गाते चांगली. पण चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाची निवड होते तेव्हा दरवेळी मागे पडते. आमचे कार्यकर्ते तिला सांगतात, "घसा मोकळा सोड, दबून काय गातेस? हा भीमाचा मंच आहे, पाळणाघर नाही." एकदा ती मला म्हणाली, "सर, माझा आवाज बारीक आहे. आपल्याकडे बारीक आवाजाला जागाच नाही का?" मला उत्तर देता आले नाही. जे काही सुचले ते पुढे या तबकडीच्या निमित्ताने सुचले, म्हणून हा लेख.

तबकडी १९७३ ची आहे. तिचे नाव आणि गायिकेचे नाव एकच, 'आशा पुथली'. सीबीएस कंपनीने ती युरोपात काढली. २०२२ साली या गायिकेच्या निवडक गाण्यांचा एक संग्रह नव्याने निघाला, तेव्हा तिच्या नावाची पुन्हा चर्चा झाली आणि तिची जुनी गाणी माझ्यासारख्याच्या मोबाइलपर्यंत पोहोचली. बुलढाण्यातल्या भाड्याच्या खोलीत, रात्री अकराच्या पुढे, कानात वायरी घालून मी ती पहिल्यांदा ऐकली. दुसऱ्या दिवशी आईला ऐकवली. आईने दोन मिनिटे ऐकले आणि विचारले, "हे बाई गाऊ रायली, का कोनाच्या कानात सांगू रायली?" या तबकडीवर यापेक्षा नेमकी समीक्षा मला अजून वाचायला मिळालेली नाही.

आशा पुथली १९४५ साली मुंबईत जन्मल्या. हिंदुस्थानी शास्त्रीय गाणे शिकल्या, पाश्चात्त्य ऑपेराचे शिक्षणही घेतले. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर विलिस कोनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम लागत असे. तो ऐकत ऐकत त्या जॅझकडे वळल्या. १९६० नंतरच्या दशकात मुंबईच्या हॉटेलांत आणि क्लबांत जॅझ वाजत होते. वाजवणारे बहुतेक गोव्याचे ख्रिस्ती वादक. दिवसा हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जायचे, रात्री हॉटेलात वाजवायचे. ज्या गाण्यांवर सारा देश डुलला त्यांतले वाद्यमेळ याच मंडळींनी लिहिले, आणि पडद्यावर नाव मात्र संगीत दिग्दर्शकाचे आले. श्रम एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, ही व्यवस्था फक्त शेतात असते असे नाही. पण तो विषय निराळा.

या मुंबईत लेखक वेद मेहता यांनी पुथलींना ऐकले आणि १९७० च्या आपल्या भारतविषयक ग्रंथात मुंबईतल्या जॅझबद्दल लिहिताना त्यांच्याविषयी लिहिले. पुथली काही काळ ब्रिटिश विमान कंपनीत हवाईसुंदरी होत्या. पुढे न्यूयॉर्कला गेल्या आणि जॉन हॅमंड यांच्यापर्यंत पोहोचल्या. हॅमंड म्हणजे ज्यांनी १९३३ साली बिली हॉलिडेचे पहिले ध्वनिमुद्रण करवले, आणि पुढे अरीथा फ्रँकलिन व बॉब डिलन यांना सीबीएसच्या अमेरिकेतील कंपनीत आणले, ते गृहस्थ. त्यांच्यामार्फत पुथली ऑर्नेट कोलमन यांच्याकडे गेल्या. कोलमन यांच्या 'सायन्स फिक्शन' या तबकडीवर त्यांची दोन गाणी आहेत. १९७१ साली ती ध्वनिमुद्रित झाली आणि १९७२ साली बाजारात आली.

ऑर्नेट कोलमन हे नाव आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ गावचा, गरिबीत वाढलेला हा काळा माणूस. सॅक्सोफोन स्वतःच शिकला, प्लॅस्टिकचे वाद्य वाजवले. एका गावात त्याचे वाजवणे ऐकून लोकांनी त्याला मारहाण केली आणि वाद्य फेकून दिले. १९५९ साली तो न्यूयॉर्कला आला तेव्हा प्रस्थापित वादक म्हणाले, याला वाजवता येत नाही. याला सुरांचे व्याकरण ठाऊक नाही. आपल्या पहिल्या पिढीच्या लेखकांबद्दल हेच बोलले गेले. यांना लिहिता येत नाही, यांना भाषा नाही, हे वाङ्मय नव्हे, हा आक्रोश. डॉ. म. ना. वानखडे यांनी आपल्या लेखकांना अमेरिकेतील काळ्या लेखकांची ओळख करून दिली तेव्हापासून आपण त्या साहित्याशी नाते सांगतो. पण नाते सांगितले ते छापील शब्दाशी. त्यांच्या संगीताशी आपण फारसे बोललोच नाही. ज्या लोकांना शतकानुशतके अक्षर नाकारले गेले त्यांचे मुख्य वाङ्मय त्यांच्या गाण्यात असणार, हे आपल्याला तरी कोणी समजावून सांगायला नको होते.

तर या कोलमनच्या रचनेत, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट यांच्या गदारोळात, पुथलींचा आवाज एखादी लांब ओढ घेऊन सरळ चालत राहतो. बाजूला वाद्ये एकमेकांवर आदळत असतात आणि ही बाई भर बाजारातून डोक्यावर भरली घागर घेऊन जावी तशी जाते. तेथे त्यांच्या शास्त्रीय तालमीचा उपयोग होतो. सुरावर थांबणे, सूर ओढून नेणे, मींड. पण त्या दोन गाण्यांवर मी लिहिणार नाही. ती जाणकारांनी नावाजली आहेत. मला बोलायचे आहे ते पुढच्या वर्षीच्या, थोड्या गोड समजल्या गेलेल्या, बाजाराच्या तबकडीवर.

ती करताना निर्माते होते डेल न्यूमन. एल्टन जॉनच्या 'गुडबाय यलो ब्रिक रोड'मधली तंतुवाद्यांची रचना त्यांचीच. गाणी बहुतेक दुसऱ्यांनी आधी गायलेली. 'राइट डाऊन हिअर' जे. जे. केलचे. 'आय डिग लव्ह' जॉर्ज हॅरिसनचे. 'लेट मी इन युअर लाइफ' बिल विदर्सचे. 'नायदर वन ऑफ अस' ग्लॅडिस नाइट आणि पिप्स यांनी त्याच सुमारास गाजवलेले. म्हणजे शब्द पुथलींचे नाहीत, चाली त्यांच्या नाहीत. मग त्यांचे काय आहे? त्यांचा श्वास आहे.

येथे थोडे थांबून एक तांत्रिक गोष्ट सांगणे भाग आहे. कानाशी बोलल्यासारखे गाणे ही निसर्गाची देणगी नाही, ती मायक्रोफोनची निर्मिती आहे. १९२५ पूर्वी गाणे मुद्रित व्हायचे ते मोठ्या कर्ण्यात ओरडून. नाटकातला गायक शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकत असे. विजेचा मायक्रोफोन आला आणि हळू आवाजालाही प्रथमच मोठ्या जमावापर्यंत जाता आले. मायक्रोफोन ओठांच्या अगदी जवळ घेतला की आवाजातले खालचे, खर्जाचे अंग फुगते, श्वास ऐकू येतो, ओठ उघडल्याचा आवाज येतो. ऐकणाऱ्याला वाटते, ही व्यक्ती माझ्यापासून वीतभर अंतरावर आहे. अमेरिकेत बिंग क्रॉस्बीपासून बिली हॉलिडेपर्यंत अनेकांनी या यंत्राचा वाद्यासारखा उपयोग केला.

आता आपल्याकडे बघा. आपल्या वस्तीत मायक्रोफोन आला तो लाउडस्पीकरचा कर्णा घेऊन. निंबाच्या झाडाला किंवा समाजमंदिराच्या गच्चीवर बांधलेला तो पत्र्याचा कर्णा. त्याचे काम दूर जाण्याचे होते. गावकुसाबाहेरून गावात ऐकू गेले पाहिजे, हा त्याचा अर्थ होता. आम्ही आहोत, हे पाटलाच्या वाड्यापर्यंत पोहोचले पाहिजे. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादा कर्डकांपर्यंत आणि प्रल्हाद शिंदे यांच्या खड्या गळ्यापर्यंत जो आवाज आपण घडवला, तो या अंतरासाठी घडवला. माझ्या लहानपणी आमच्या घरी एक कॅसेट प्लेअर होता आणि त्याचेही तोंड बापाने दाराकडे केलेले असे. घरात ऐकण्यासाठी ते यंत्र नव्हतेच, गल्लीला ऐकवण्यासाठी होते. यात मी काही उणे शोधत नाही. ज्याला हजार वर्षे बोलू दिले नाही तो पहिल्यांदा बोलेल तेव्हा ओरडेलच. पण एकाच यंत्राचे दोन उपयोग असतात आणि आपल्या वाट्याला त्यातला एकच आला, ही गोष्ट मला या तबकडीने दाखवली.

'राइट डाऊन हिअर' ऐका. मूळ गाणे जे. जे. केल अगदी आळसावलेल्या, पुटपुटत्या पद्धतीने गातो. पुरुषाने पुटपुटले की त्याला बेफिकिरी म्हणतात. पुथली त्याच गाण्याला हात घालतात तेव्हा खाली बास गिटार संथ, ठाम पावलांनी चालत असते आणि वर आवाज धुरासारखा. शब्द पुरता उच्चारायच्या आधीच त्या श्वास सोडतात. ओळ संपते तेथे सूर न थांबता किंचित वर वळतो, आपल्याकडे ठुमरीत वळतो तसा. इंग्रजी गाण्यात ही वळणे परकी आहेत, पण चिकटवलेली वाटत नाहीत. त्या काळात पूर्वेकडचे म्हणून सतारीचे दोन तुकडे जोडून द्यायची पाश्चात्त्य बाजाराची रीत होती. पुथलींच्या गळ्यातली वळणे त्या सजावटीसारखी नाहीत. ती सवयीने येतात, जशी माझ्या प्रमाण मराठीत वऱ्हाडी येते.

'आय डिग लव्ह' हे हॅरिसनच्या मूळ संग्रहातले माझ्या मते सामान्य गाणे. शब्द तर पोरकट. पुथलींनी ते जवळजवळ शब्दांतून सोडवले आहे. हसू, उसासे, गुणगुण, मध्येच वर उडून जाणारी तान. प्रेमाविषयी काही सांगण्यापेक्षा प्रेमात असलेल्या बाईच्या गळ्याचे काय होते हे त्या ऐकवतात. पहिल्यांदा ऐकताना मी संकोचलो, हे कबूल करतो. खोलीत एकटा होतो, तरी दार लोटले आहे की नाही ते पाहिले. हा संकोच कोठून आला, याचा विचार मी नंतर बरेच दिवस केला.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीने बाईच्या आवाजाची एक वर्णव्यवस्थाच केली होती. नायिकेचा आवाज उंच, स्वच्छ, निष्कलंक. त्यात श्वास ऐकू येता कामा नये, कारण श्वास म्हणजे देह. श्वास, उसासा, घोगरेपणा हे सारे क्लबात नाचणाऱ्या दुसऱ्या बाईसाठी राखून ठेवलेले. घरंदाज बाईला देह नाही आणि देह असलेल्या बाईला घर नाही, अशी ती वाटणी. आशा पुथली या वाटणीबाहेर गेल्या. एकाच तबकडीवर, कधी एकाच ओळीत, त्यांचा आवाज निर्मळही आहे आणि देहाचाही आहे. कोणत्याही खलनायिकेच्या आडोशाला त्या उभ्या नाहीत. १९७३ साली मुंबईच्या मुलीने हे करणे हे बंड होते, याविषयी मला शंका नाही.

पण हे बंड कोणाला परवडते? आपल्या वाचकाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे, नाहीतर ही समीक्षा कोणत्याही गुळगुळीत इंग्रजी मासिकातली होईल. महाराष्ट्रात देहाच्या आवाजाने गाणाऱ्या बाया पुथलींच्या कितीतरी आधी होत्या. त्या तमाशात होत्या. हिवरगावची पवळाबाई महार होती. पठ्ठे बापूराव कुलकर्णी तिच्यासाठी जात सोडून फडावर आले. लावणीच्या इतिहासात तो त्याग म्हणून लिहिला जातो, आणि पवळा मात्र त्या त्यागाचे निमित्त म्हणून उरते. विठाबाई नारायणगावकर मांग समाजातल्या. दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. फडावर नाचता नाचता बाळंत झाल्या आणि पुन्हा लोकांपुढे उभ्या राहिल्या, ही गोष्ट महाराष्ट्र अभिमानाने सांगतो. खरे तर शरमेने सांगावी. २००२ साली गेल्या तेव्हा अखेरच्या दिवसांत उपचारांच्या पैशांची विवंचना होती. या बायांचा आवाज देहाचा होता तो त्यांनी निवडला म्हणून नाही. जातीने तो त्यांच्यावर सोपवला होता. शैलजा पाईक यांनी २०२२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशा, जात आणि 'अश्लीलता' यांचा संबंध फार बारकाईने उलगडून दाखवला आहे. तो आपल्याकडच्या प्रत्येक मराठी विभागात शिकवला गेला पाहिजे. एका बाईच्या उसाशाला लंडनमध्ये मुक्ती म्हणतात आणि दुसरीच्या उसाशावर नारायणगावच्या फडात दौलतजादा उधळतात. आवाज तोच, श्वास तोच. फरक आहे तो हा की एकीला विमानात बसून निघून जाता आले.

म्हणूनच बाबासाहेबांनी जून १९३६ मध्ये मुंबईत वाघ्या, मुरळी, देवदासी, जोगतिणींच्या सभेत या बायांना तो धंदा सोडण्यास सांगितले. त्यांनी सांगितले ते कठोर होते आणि आवश्यक होते. स्वाभिमान हवा असेल तर घुंगरू उतरवलेच पाहिजे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथात चळवळीतल्या स्त्रियांची जी हकिकत जमा केली, ती वाचताना कळते की आपल्या आया-आज्यांनी काय काय उतरवून ठेवले. मला एवढेच विचारायचे आहे की घुंगरांबरोबर आणखीही काही गेले का? चळवळीच्या मंचावर बाईला दोन आवाज मिळाले. एक हाक देणारा, दुसरा आईचा. रमाई होऊन गा किंवा रणरागिणी होऊन गा. रुसलेली, थकलेली, कोणाची तरी वाट पाहणारी, नुसती स्वतःशी बोलणारी दलित बाई आपल्या कवितेत आली, आत्मकथनात आली, गाण्यात मात्र आली नाही. आली तर ती पुन्हा तमाशात ढकलली जाईल, ही आपली भीती. भीती खोटी नाही. पण भीतीला सौंदर्यशास्त्र करून टाकणे बरोबर नाही.

माझा संकोच तेथूनच आला होता. आवाजात श्वास ऐकला की आमच्या घरातले कोणीतरी बाजारात उभे आहे, असे मला वाटते. पुथलींना तसे वाटण्याचे कारण नव्हते.

आता एक वर्ष पाहा, १९७२. मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. राजा ढाले यांचा काळ्या स्वातंत्र्यदिनाचा लेख 'साधना'त छापून आला आणि महाराष्ट्र हादरला. त्याच वर्षी त्याच शहरातून गेलेल्या एका मुलीचा आवाज काळ्या अमेरिकेच्या सर्वांत बंडखोर वादकाबरोबर न्यूयॉर्कहून ऐकू आला. ढसाळांनी मराठी कवितेच्या सोवळ्या आवाजाचे जे केले, ते पुथलींनी हिंदुस्थानी बाईच्या सोवळ्या आवाजाचे केले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ही तुलना मी अर्ध्यावर सोडतो. कारण त्याच वर्षी दुष्काळही होता. माझी आजी तेव्हा आमच्याच जिल्ह्यात सडकेच्या कामावर खडी फोडत होती, आणि घरात मिलोची तांबडी भाकर होती. १९७३ साली लंडनमध्ये ही तबकडी होत होती तेव्हाही हातोडा चालूच होता. आजीच्याही आवाजात श्वास होता, तो दम लागल्याचा. यात पुथलींचा काही अपराध नाही. एका मुलीला शास्त्रीय गाणे आणि ऑपेरा दोन्ही शिकवू शकणारे घर एकीकडे, आणि खडीच्या ढिगाच्या मापावर मजुरी घेणारे घर दुसरीकडे, ही वस्तुस्थिती तबकडी ऐकताना माझ्या कानातून जात नाही, इतकेच.

'नायदर वन ऑफ अस'मध्ये, माझ्या मते, पुथली उणी पडते. हे गाणे दोन माणसांचे आहे. संबंध संपला हे दोघांना कळते आणि निरोपाचा शब्द कोणाच्याच तोंडून निघत नाही. ग्लॅडिस नाइट ते गाते तेव्हा तिच्या मागे पिप्स असतात, आणि पिप्सच्या मागे काळ्या लोकांचे चर्च उभे असते. एकीचे दुःख सगळी वस्ती गाते आहे असे वाटते. पुथलींच्या मागे कोणी नाही. तंतुवाद्ये आहेत, पण ती पैसे देऊन बोलावलेली. त्यामुळे गाणे सुंदर होते आणि पातळ होते. आपल्याकडे कोरसचे जे महत्त्व आहे ते मला येथे पुन्हा पटले. एकट्या माणसाच्या गाण्याला एक मर्यादा असते.

पण 'लेट मी इन युअर लाइफ'मध्ये हेच एकटेपण कामाला येते. मूळ गायक-कवी बिल विदर्स वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसाखाणींच्या मुलखातला. लहानपणी तोतरा बोलणारा. नौदलात राहिला, मग विमानांच्या कारखान्यात कामगार होता. १९७१ च्या त्याच्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर तो जेवणाचा डबा हातात घेऊन उभा आहे. अशा माणसाने लिहिलेले, तुझ्या आयुष्यात मला येऊ दे अशी विनवणी करणारे हे गाणे. विदर्स ते साधेपणाने मागतो. पुथली आवाज जवळजवळ संपवूनच टाकतात. उरते ती फक्त दाराशी उभी असलेली बाई. दार वाजवायचेही धाडस नाही, नुसता हात लावून पाहणारी. मला येथे प्रेयसी ऐकू येत नाही. मला परक्या देशात आलेली, कातडीच्या रंगामुळे 'पूर्वेची जादू' म्हणून पाहिली जाणारी आणि तरी आत येऊ द्या म्हणणारी एक तरुणी ऐकू येते. तिला तेथे जात विचारली गेली नसेल. पण पाहणाऱ्याची नजर तिलाही चुकली नाही. तिच्या गाण्यापेक्षा तिच्या रूपाची आणि कपड्यांची चर्चा अधिक झाली. दारात उभे राहणे म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हे गाणे ऐकावे.

तबकडीची उरलेली काही गाणी मला फारशी भावली नाहीत. न्यूमन यांच्या तंतुवाद्यांचा साखरपाक काही ठिकाणी इतका होतो की आवाज त्यात बुडून जातो. पुढे १९७६ च्या 'द डेव्हिल इज लूज'मध्ये पुथली नाचाच्या संगीताकडे वळल्या. त्यातले 'स्पेस टॉक' न्यूयॉर्कच्या नाचघरांत वाजले, आणि १९९७ साली काळ्या रॅप गायकांनी त्याचा तुकडा आपल्या गाण्यात वापरला. काळ्यांकडून घेतलेले पुन्हा काळ्यांकडे गेले, हे मला आवडते. पण १९७३ चा जवळून आलेला आवाज नंतर तसा राहिला नाही.

आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते मला म्हणाले, "गुरुजी, हे खोलीतले गाणे आहे. ज्यांना खोली आहे त्यांचे. आपल्याला अंगण आहे." वाक्य टाळी घेणारे आहे आणि निम्मे खरे आहे. माझ्या पिढीतल्या पुष्कळांना खोली मिळाली ती नोकरीनंतर. एका खणाच्या घरात सहा माणसे निजत असताना कानाशी गाणे कसे सुचणार? पण निम्मे खोटे अशासाठी की खोली नसतानाही आपल्या बायांनी एक जागा शोधली होती. पहाटेचे जाते. घरातली माणसे निजलेली, अंधार, आणि दगडाची घरघर. त्या घरघरीच्या आडोशाने बाई जे गात असे ते कोणासाठीच नसे. सासूने ऐकू नये, नवऱ्याने ऐकू नये, फक्त समोर बसलेल्या जावेने ऐकावे, इतक्या हळू. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून पुढाकार घेऊन या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखावर गेली. त्यांत माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. अवश्य ऐका. तेथे बाबासाहेब निळ्या झेंड्याखाली उभे नाहीत, जात्याजवळ येऊन बसले आहेत. घरच्या माणसाशी बोलावे तसे ती बाई त्यांच्याशी बोलते. या आवाजाला कोणी बारीक म्हणेल, पण दुबळा म्हणणार नाही.

पीठगिरणी गावात आली आणि जाते उंबऱ्याबाहेर पडले. बायांचा एक छळ संपला, चांगले झाले. आवाज मात्र बेघर झाला. पुथलींची तबकडी ऐकून आईने जे विचारले त्यात आश्चर्य कमी होते आणि ओळख जास्त होती, असे मला आता वाटते. मी तिला विचारले, तू जात्यावर कशी गात होतीस? ती म्हणाली, "गात कुठी होती मी? नुसती बोलत होती." पुष्कळ आग्रह केल्यावर तिने एक ओवी म्हटली. मोबाइल मी तिच्या तोंडाजवळ धरला होता. नंतर ऐकले तर त्यात तिचा श्वास आहे, बांगडी आहे, आणि मध्येच "बास आता" आहे.

ती ओवी मी आमच्या त्या विद्यार्थिनीला ऐकवली, पुथलींचे 'लेट मी इन युअर लाइफ'ही ऐकवले. तिने इंग्रजी गाण्यावर काही मत दिले नाही. आईची ओवी मात्र तीनदा ऐकली आणि आपल्या आजीकडून आणखी चार लिहून आणल्या. या वर्षी महाविद्यालयाच्या सभागृहात जयंतीच्या कार्यक्रमात तिला पाच मिनिटे मिळाली, तीही शेवटची, पाहुणे उठल्यानंतरची. तिने ढोलकी नको म्हणून सांगितले. खुर्ची मागितली. मायक्रोफोन ओठांशी ओढून घेतला आणि सुरू केले. मागच्या रांगांतून पोरे ओरडली, "आवाऽऽज!" तिने आवाज चढवला नाही. साउंडवाल्याने मशीनचे बटन थोडे पुढे सरकवले, कर्णा एकदा शिटी मारून गप्प झाला, आणि मग सभागृहातल्या शेवटच्या बाकापर्यंत तिचा श्वास ऐकू येऊ लागला.